पत्ता ओळखीचा, पण दाराशी कोण?

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील, जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यावरचे गाव. आता समृद्धी महामार्गावरून उतरण्याची एक जागाही या गावाजवळ आहे. आमच्या संशोधनगटातील एक विद्यार्थिनी या परिसरातील विहिरींच्या पाण्याची पातळी मोजण्यासाठी तेथे खोली घेऊन राहत होती. दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी मोबाइलच्या इंटरनेटवरून संस्थेतील सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये भरायच्या, असे ठरले होते. पहिल्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, जोडणी नाकारली म्हणून येतंय."

कारण साधे होते. आमचा डेटाबेस फक्त मान्य पत्त्यांच्या यादीतील संगणकांशीच बोलत असे आणि त्या यादीत संस्थेतील संगणकांचेच पत्ते होते. तिच्या जोडणीचा पत्ता विचारून मी तो यादीत घातला. काम झाले. दुसऱ्या दिवशी पत्ता बदललेला! तो घातला, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काम अडलेले पाहून मी यादीत एक ओळ लिहिली, जिचा अर्थ होता, "कोणत्याही पत्त्यावरून येऊ द्या." जोडणी झाली आणि मी निश्चिंत झोपलो.

सकाळी सर्व्हरची नोंदवही उघडली, तर ती अनोळखी पत्त्यांनी भरलेली. ना ओळख ना पाळख, अशा कुठल्या कुठल्या संगणकांनी रात्रभर दार ठोठावले होते. 'रूट', 'ॲडमिन', 'पोस्टग्रेस' अशी सर्वसामान्य नावे घेऊन ते एकामागून एक पासवर्ड लावून पाहत होते. एकालाही आत शिरता आले नाही, पण ते माझ्या हुशारीने नव्हे, पासवर्ड लांबलचक होते म्हणून. त्या डेटाबेसमध्ये सात वर्षांच्या नोंदी होत्या. प्रयोगशाळेतील प्रयोग चुकला तर पुन्हा करता येतो. गेल्या मे महिन्यातील विहिरीची पातळी मात्र पुन्हा मोजता येत नाही.

त्या एका ओळीने मला या यादीच्या इतिहासाकडे वळवले. 'ओळखीच्या पत्त्यावरून आला म्हणजे ओळखीचाच' हा विश्वास संगणकांच्या जगात कोठून आला, तो कसा मोडला आणि मोडूनही ती यादी का टिकली, याची ही हकिकत आहे.

पत्ता म्हणजे काय?

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला जो क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीनुसार हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. लिहिताना त्याचे चार भाग करून प्रत्येक भाग ० ते २५५ या संख्येने दाखवतात. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते पुस्तकांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवले आहेत.) असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होऊ शकतात.

या पत्त्याची रचना समजून घ्यायला आपला पिनकोड उपयोगी पडतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाकखात्यातील अधिकारी होते आणि संस्कृत कवी म्हणूनही ते प्रसिद्ध आहेत. अकोल्याचा पिनकोड ४४४००१ आणि वाशीमचा ४४४५०५. दोन्हींचे पहिले तीन अंक सारखे आहेत, कारण ते टपालाच्या वर्गवारीचा विभाग सांगतात. उरलेले तीन अंक विशिष्ट टपाल कार्यालय सांगतात. '४४४ ने सुरू होणारी सर्व पत्रे या पिशवीत टाका' असे म्हटले की पुढचे अंक पाहावे लागत नाहीत.

आयपी पत्त्यांचेही असेच आहे. १९९३ पासून रूढ झालेल्या लेखनपद्धतीत '२०३.०.११३.०/२४' याचा अर्थ 'पहिले २४ द्विमान अंक हेच असलेले सर्व २५६ पत्ते' असा होतो. '/३२' म्हणजे नेमका एकच पत्ता. आणि '०.०.०.०/०' म्हणजे एकही अंक जुळायची अट नाही, अर्थात सारे जग. त्या रात्री मी लिहिलेली ओळ हीच होती.

आता मुख्य मुद्दा. पत्राच्या मागे 'प्रेषक' म्हणून जो पत्ता लिहितात तो कोण लिहितो? पाठवणाराच. टपाल खाते तो तपासत नाही. पत्र पोहोचवण्यासाठी लागतो तो घेणाऱ्याचा पत्ता. इंटरनेटवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाचेही तसेच आहे. त्यावर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता असतो, पण तो लिहितो पाठवणारा संगणकच. हा पत्ता वाट शोधण्यासाठी तयार झाला. ओळख पटवणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

एका कुटुंबाचे जाळे

मग त्याच्याकडून ओळखीचे काम करून घ्यायचे कोणाला सुचले? १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट हे जाळे सुरू झाले, तेव्हा त्यावर काही विद्यापीठे आणि संशोधनसंस्था एवढेच सभासद होते. पुढे अनेक वर्षे जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच फाइलमध्ये मावत. सारे एकमेकांना ओळखत असत. एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडांनी आपसात दाराला कडी लावू नये, तसा हा व्यवहार होता.

१९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून युनिक्स या कार्यप्रणालीची ४.२बीएसडी नावाची आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात एक सोय होती. संगणकावर विश्वासू संगणकांची यादी ठेवायची. यादीतील संगणकावरून कोणी आले, तर पासवर्ड विचारायचा नाही. एकाच प्रयोगशाळेत दहा यंत्रे असली की पुन्हा पुन्हा पासवर्ड द्यायचा कंटाळा येई. तो या सोयीने वाचला. मान्य पत्त्यांच्या यादीचा हा एक आरंभ होय.

ही सोय अगदीच भोळी नव्हती. खोटा प्रेषक लिहिणाऱ्याला अडवणारी एक युक्ती जोडणीच्या नियमांतच होती. ती रजिस्टर पत्राच्या पोचपावतीसारखी आहे. समजा, 'क'ला 'ख'शी बोलायचे आहे. क प्रथम 'बोलायचे आहे' असे पाकीट पाठवतो. ख त्यावर लिहिलेल्या प्रेषकाच्या पत्त्यावर एक आरंभक्रमांक पाठवतो. कने तो क्रमांक मिळाल्याची खूण परत पाठवली, तरच संभाषण सुरू होते. आता 'ग' नावाच्या लबाडाने कचा पत्ता लिहून पाकीट पाठवले, तर खचा क्रमांक गकडे येणारच नाही, तो खऱ्या कच्या घरी जाईल. क्रमांक माहीत नाही म्हणून ग अडकला. क्रमांकही ३२ द्विमान अंकी, म्हणजे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चार अब्जांत एक!

पण हा क्रमांक यदृच्छ असेल तर. ४.२बीएसडीमध्ये तो दर सेकंदाला १२८ने आणि प्रत्येक नव्या जोडणीला ६४ने वाढत असे. म्हणजे गने आधी स्वतःच्या खऱ्या पत्त्यावरून एक जोडणी करून चालू क्रमांक पाहायचा, थोडी बेरीज करायची की पुढचा क्रमांक हाती! १९८५ मध्ये रॉबर्ट टी. मॉरिस या तरुणाने बेल प्रयोगशाळेच्या एका अहवालात हे दाखवून दिले. १९८९ मध्ये स्टीव्ह बेलोव्हिन यांनी अशा अनेक उणिवांवर सविस्तर निबंध लिहिला आणि पत्त्यावरून ओळख पटवणे धोक्याचे आहे, असे बजावले.

दरम्यान २ नोव्हेंबर १९८८ रोजी याच मॉरिसने लिहिलेला एक 'कृमी' इंटरनेटवर सुटला. तो एका संगणकात शिरला की पुढे जाण्यासाठी अनेक वाटा शोधत असे. त्यांतील एक वाट विश्वासू यादीची होती. यादी वाचायची आणि ज्यांचा आपल्यावर विश्वास आहे त्यांच्या घरी विनापासवर्ड शिरायचे. येथे पत्ता खोटा नव्हता. पत्ता खराच होता, फक्त त्या घरात आता दुसराच कोणी बसला होता. हा भेद लक्षात ठेवू या, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

दोन अधिकचिन्हे

इशारे छापून आले, पण वहिवाट चालूच राहिली. २५ डिसेंबर १९९४ रोजी, नाताळच्या सुट्टीत, सुतोमु शिमोमुरा या शास्त्रज्ञाच्या सॅन दिएगो येथील संगणकावर हल्ला झाला आणि मॉरिसने कागदावर मांडलेली युक्ती प्रत्यक्षात उतरली.

हल्लेखोराने आधी लक्ष्य संगणकाशी अनेक जोडण्या सुरू करून त्याचे आरंभक्रमांक पाहिले. प्रत्येक क्रमांक आधीच्यापेक्षा १,२८,००० ने मोठा होता. मग ज्या सर्व्हरवर लक्ष्य संगणकाचा विश्वास होता, त्याच्यावर अर्धवट जोडण्यांचा इतका मारा केला की त्याला दुसऱ्या कशाला उत्तर देता येईना. त्यानंतर त्या मुक्या झालेल्या सर्व्हरचा पत्ता लिहून पाकीट पाठवले आणि बेरजेने काढलेला क्रमांक कळवला. लक्ष्य संगणकाने मान डोलावली.

या चोरट्या जोडणीतून पाठवलेला हुकूम अगदी छोटा होता. विश्वासू संगणकांच्या यादीत दोन अधिकचिन्हे लिही, एवढाच. त्या भाषेत त्यांचा अर्थ 'कोणत्याही संगणकावरचा कोणीही' असा होतो. यादी फोडण्यासाठी एवढा खटाटोप करून हल्लेखोराने जी ओळ लिहिली, जवळजवळ तीच ओळ मी माझ्या डेटाबेसमध्ये आपण होऊन, कोणीही न सांगता लिहिली होती!

यानंतर दुरुस्त्यांना वेग आला. आरंभक्रमांक सहज ओळखता येऊ नये अशी रीत बेलोव्हिन यांनी मे १९९६ मध्ये मांडली. आपल्या जाळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाकिटावरचा प्रेषक खरोखर आपल्याकडचा आहे ना, हे सेवा पुरवणाऱ्यानेच तपासावे, अशी शिफारस १९९८ मध्ये झाली. टपालपेटीतून पत्रे काढतानाच प्रेषक तपासण्यासारखे हे आहे.

पत्ते अपुरे पडले

याच काळात भारतात सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळू लागले. त्याआधी १९८६ पासून एर्नेट प्रकल्पातून मुंबईची एनसीएसटी आणि आयआयटी यांसारख्या संस्था जोडल्या जात होत्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वांसाठी सेवा खुली केली. जगभर ग्राहक वाढले आणि चार अब्ज पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटून संपले.

यावरचा उपाय १९९४ मध्येच सुचवला गेला होता. अनेक यंत्रांनी आत खाजगी पत्ते वापरायचे आणि बाहेर पडताना एकच सार्वजनिक पत्ता लावायचा. मोबाइल कंपन्या हेच करतात. शेलूबाजारमधील फोन आणि दुसऱ्या जिल्ह्यातील फोन एकाच वेळी एकाच पत्त्याने जगासमोर येऊ शकतात, आणि उद्या त्यांचा पत्ता दुसराच असू शकतो. म्हणजे एका पत्त्यामागे अनेक माणसे आणि एका माणसाचे अनेक पत्ते. माझ्या विद्यार्थिनीचा पत्ता रोज का बदलत होता याचे हे उत्तर आहे. तो पत्ता मी यादीत घातला, तेव्हा तिच्याबरोबर आणखी किती अनोळखी लोकांना परवानगी दिली, हे मला सांगता येणार नाही.

मग यादी कशाला ठेवायची?

पत्ता खोटा लिहिता येतो, वाटून घेता येतो, बदलतो. तरीही डेटाबेसच्या रचनाकारांनी यादी सोडली नाही. १९९५ मध्ये आलेल्या मायएसक्यूएलमध्ये वापरकर्त्याचे खाते म्हणजे नाव आणि येण्याचे ठिकाण अशी जोडी असते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नियमांची फाइल असते. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या नावाने, कोणता डेटाबेस मागितला तर ओळख कशी पटवायची, हे तीत ओळीओळीने लिहितात. सर्व्हर वरून खाली वाचत जातो आणि पहिली जुळणारी ओळ लागू करतो. ओळख पटवण्याच्या प्रकारांत एकाचे नावच 'विश्वास' या अर्थाचे आहे. तो लिहिला की पासवर्ड विचारलाच जात नाही.

यादीचा खरा उपयोग काय, हे २५ जानेवारी २००३ रोजी दिसले. मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरमधील एका दोषाचा फायदा घेणारा 'स्लॅमर' नावाचा कृमी त्या दिवशी सुटला. तो अवघ्या ३७६ बाइट्सचा होता. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत दोष असलेल्या बहुतेक, म्हणजे निदान ७५ हजार संगणकांत तो पोहोचला. अमेरिकेतील एका मोठ्या बँकेची सुमारे १३ हजार एटीएम यंत्रे त्यामुळे अडली. त्याला पासवर्डची गरजच नव्हती. दारापर्यंत एक पाकीट पोहोचणे पुरेसे होते. या दोषावरची दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. मात्र ज्यांनी बाहेरच्या पत्त्यांना त्या दारापर्यंत येऊच दिले नव्हते, त्यांच्या सर्व्हरला बाहेरून येणारे हे पाकीट लागले नाही.

जानेवारी २०१७ मध्ये हाच धडा पुन्हा मिळाला. मोंगोडीबी या डेटाबेसचे हजारो सर्व्हर त्यांच्या मालकांनी साऱ्या जगाला उघडे आणि विनापासवर्ड ठेवले होते. त्यांतील माहिती पुसून खंडणी मागणाऱ्या चिठ्ठ्या मागे ठेवण्यात आल्या.

तेव्हा यादी सांगते ती 'हा कोण आहे' हे नव्हे. 'याला दार दिसू द्यायचे की नाही' एवढेच ती सांगते. हे कामही मोठे आहे. माझ्या सर्व्हरच्या नोंदवहीत त्या रात्री जे शेकडो ठोके पडले, ते यादी असताना पडत नव्हते.

पुण्यातील घटना

यादी अचूक असूनही काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ मध्ये स्थापन झाली. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत या बँकेच्या बनावट कार्डांवर २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातील एटीएममधून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

एटीएममध्ये कार्ड घातले की मागणी कार्डसंस्थेच्या जाळ्यातून बँकेच्या 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच खात्यांच्या मुख्य प्रणालीला विचारून होकार किंवा नकार कळवतो. बँकेने त्या वेळी सांगितल्यानुसार, घातक सॉफ्टवेअरद्वारे एक पर्यायी, बनावट स्विच उभा करण्यात आला आणि खोट्या मागण्यांना त्याने परस्पर होकार दिला. मुख्य प्रणालीपर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही. पैसे देणाऱ्या यंत्रांच्या दृष्टीने होकार ओळखीच्या बँकेकडूनच आला होता. १९८८च्या कृमीबाबत पाहिलेला भेद येथे पुन्हा भेटतो. घर खरेच होते, उत्तर देणारा दुसरा होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

वर्गात करून पाहा

हा विषय आठवी–नववीच्या वर्गात चिठ्ठ्यांच्या खेळातून शिकवता येतो. तीन मुले घ्या, क, ख आणि ग. चौथा मुलगा टपालवाला. ख फक्त क या नावाच्या चिठ्ठ्यांना उत्तर देतो. पहिल्या फेरीत गने कचे नाव लिहून चिठ्ठी पाठवावी. ख फसतो. दुसऱ्या फेरीत खने उत्तरासोबत एक अंक पाठवावा आणि तो परत आल्याशिवाय बोलू नये. उत्तर कच्या घरी जाते, ग अडकतो. तिसऱ्या फेरीत खने अंक ५, १०, १५ असे क्रमाने द्यावेत आणि गला आधी स्वतःच्या नावाने एक चिठ्ठी पाठवू द्यावी. ग पुन्हा जिंकतो. चौथ्या फेरीत अंक सोंगटीतील फाशाने काढावा. पाचव्या फेरीत ग सरळ कच्या बाकावर जाऊन बसतो, आणि मग फासाही उपयोगी पडत नाही. आता काय करावे, हे मुलांनाच विचारा. 'काहीतरी खूण ठरवून ठेवू' असे उत्तर बहुधा येईल.

आमच्या सर्व्हरवर आम्हीही अखेर तेच केले. सर्व जगाला परवानगी देणारी ओळ खोडली. विद्यार्थिनीचा संगणक आता प्रथम गुप्त किल्लीने स्वतःची ओळख पटवतो. मग त्याला सांकेतिक भाषेतील बंद वाटेने संस्थेच्या जाळ्यातील एक ठराविक पत्ता मिळतो आणि यादीत आहे तो हाच पत्ता. शेलूबाजारमध्ये मोबाइलचा पत्ता रोज बदलला तरी काही बिघडत नाही. याखेरीज तिच्या खात्याला नोंद भरण्याचा आणि वाचण्याचा अधिकार आहे, पुसण्याचा नाही. उद्या तिचा संगणक चोरीला गेला, तरी त्यावरून कोणाला सात वर्षे पुसता येणार नाहीत. आणि सकाळी नोंदवही वाचण्याची सवय मी लावून घेतली आहे.

शाळांमध्येही आता मुलांची माहिती, निकाल, पगारपत्रके डेटाबेसमध्ये असतात. काम अडले की 'तात्पुरते सगळ्यांना उघडून द्या' असा सल्ला कोणीतरी देतोच. तो ऐकताना त्या दोन अधिकचिन्हांची आठवण ठेवावी.